सहा मीटर, सहा सेकंद: वयस्कर माणसांची चाल मोजायची कशी, आणि वहीत शाळेचा रकाना कशाला

गवंड्याकडचा टेप, खडू, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि एक शंभर पानी वही. एवढ्या सामानात घरातल्या, गल्लीतल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाच्या चालण्याचा वेग मोजता येतो. मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात पीटीचा मास्तर होतो. पोरांना शंभर मीटर पळवणं, खो-खोच्या मैदानावर फक्की मारणं, यात नोकरी गेली. निवृत्तीनंतर त्याच पोरांच्या आज्ज्यांना आणि आजोबांना सहा मीटर चालवतो. "सर, आता आमाला कशाला पळवताय?" हा प्रश्न ठरलेला. पळवत नाही, चालवतोय, आणि तेही तुमच्याच चालीनं, हे माझं उत्तरही ठरलेलं.

चालीत एवढं काय आहे, असं विचाराल तर चालायला हृदय लागतं, दम लागतो, गुडघे, डोळे, तळपायाच्या नसा आणि मेंदू लागतो. यातलं काहीही कुरकुरायला लागलं की माणूस तक्रार करायच्या आधी त्याचा वेग उतरतो. २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी नऊ वेगवेगळ्या अभ्यासांतल्या, ६५ वर्षांवरच्या ३४,४८५ लोकांची माहिती एकत्र केली. सेकंदाला ०.१ मीटर वेग जास्त, तर मृत्यूचा धोका सरासरी १२ टक्क्यांनी कमी, असा हिशेब त्यातून निघाला. म्हणून काही डॉक्टर चालीच्या वेगाला नाडी आणि रक्तदाबाच्या पंगतीत बसवतात. हा आकडा म्हाताऱ्यांना सांगू नका. त्यांच्यासाठी "पाय कसे आहेत ते बघू" एवढं पुरतं.

जागा आणि आखणी

दहा मीटर सरळ, सपाट जागा हवी. मारुतीच्या देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा, शहरात असाल तर इमारतीचं पार्किंग. उतार नको, माती नको, नुकतीच पुसलेली फरशी तर नकोच. देवळात फक्की मारू नका, पुजारी ओरडतो आणि त्याचं बरोबर असतं, खडू वापरा.

टेप पसरून ०, २, ८ आणि १० मीटरवर खुणा करा. मधले सहा मीटर मोजायचे. पहिले दोन मीटर चाल पकडायला, शेवटचे दोन मीटर सोडून द्यायचे. असं का, तर रेष दिसली की माणूस तिच्यावर थांबायला जातो. शाळेतली पोरं शेवटच्या रेषेवर छाती पुढं काढतात, म्हातारी माणसं तीन पावलं आधीच ब्रेक लावतात. म्हणून मधल्या खुणा बारीक ठेवा, तुम्हाला दिसल्या म्हणजे झालं. दहा मीटरच्या पलीकडं एक खुर्ची ठेवा आणि "त्या खुर्चीवर जाऊन बसा" एवढंच सांगा. बसायला मिळतंय म्हटल्यावर चाल आपोआप खरी पडते.

घरात एवढी लांबी नसेल तर चार मीटर मोजा, मागंपुढं एकेक मीटर सोडा. मुंबईत देवनारला जी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिच्या 'लासी' नावाच्या देशव्यापी पाहणीतही वयस्करांची चाल चार मीटरवरच मोजली होती. फक्त एकदा चार घेतलं की दर वेळी चारच. या वेळी चार, पुढच्या वेळी सहा असं केलंत तर वही रद्दीत घाला.

चालवायचं कसं

"दुकानात साखर आणायला निघालाय, तसं चाला." मी हेच वाक्य वापरतो आणि त्यात बदल करत नाही. "जरा पाय उचला" म्हटलंत की आकडा तुमच्या आवाजाचा येतो, त्यांच्या पायांचा येत नाही. शिट्टी घरी ठेवा. नातवंडांना लांब पाठवा, ती टाळ्या वाजवायला लागली की आजोबा रेल्वे पकडायला निघाल्यासारखे सुटतात.

पहिलं पाऊल दोन मीटरच्या खुणेपलीकडं पडलं की घड्याळ सुरू, आठच्या खुणेपलीकडं पडलं की बंद. तुम्ही बाजूनं, अर्धं पाऊल मागं चाला. पुढं चाललात तर ते तुमच्या वेगानं येतात. फार मागं राहिलात तर तोल गेल्यावर धरायला पोचत नाही. दोनदा मोजा, मध्ये मिनिटभर बसू द्या, दोन्हींची सरासरी लिहा. काठी असेल तर काठीसकट, आणि तशी नोंद. चप्पल रोजची. मुलानं कालच आणलेली नवी सँडल असेल तर ती काढून रोजची घालायला सांगा. साडीचा घोळ पायात येत असेल तर आधी खोचून घेऊ द्या.

एकादशीला देवळात सगळे आयते सापडतात, पण मोजू नका. उपाशी माणसाची चाल आणि जेवून सुस्तावलेल्याची चाल, दोन्ही खोटं बोलतात. सकाळची नाश्त्यानंतर तासाभरानं येणारी वेळ चांगली. आणि छातीत दुखतंय, चक्कर येते, नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा परवाच पडले होते, अशांना चालवायचंच नाही. त्यांचं नाव लिहा, रकाना कोरा ठेवा.

वहीतले रकाने

वेग मोजायला दहा मिनिटं लागतात. खरा वेळ जातो तो या भागात, आणि तो जाऊ द्यावा.

पहिली अडचण वयाची. आमच्या पिढीत ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं त्यांचा वाढदिवस बहुधा १ जून. गुरुजींनी दाखल्यावर तीच तारीख घातलेली. ज्यांनी शाळाच पाहिली नाही त्यांच्याकडं तीसुद्धा नाही. आधार कार्डावर कुणीतरी अंदाजे टाकलेलं साल असतं. मला एक आज्जी कागदावर ६६ च्या आणि बोलण्यावरून पंचाहत्तरीच्या पुढच्या सापडल्या. नऊ वर्षांचा फरक पडला तर "वयाच्या मानानं चाल कशी आहे" या प्रश्नाला अर्थच उरत नाही. म्हणून मी वय विचारत नाही, घटना विचारतो. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे डिसेंबर १९६७ मध्ये, लग्न झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का, तेव्हा थोरलं पोर केवढं होतं? दोन-तीन प्रश्नांत दोन वर्षांच्या अंतरात वय सापडतं. वहीत "अंदाजे" असं लिहून ते वय धरा.

दुसरा रकाना शाळेचा. "शिक्षण किती?" असं थेट विचारू नका. ज्यांना शिकायला मिळालं नाही त्यांना तो प्रश्न लागतो, आणि ज्यांना मिळालं ते उगीच लांबण लावतात. मी विचारतो, "शाळेत किती वर्षं गेलात?" उत्तर वर्षांत घ्या, कारण जुन्या पायऱ्या आजच्या पोरांना कळत नाहीत. चौथी झाली म्हणजे चार. सातवी फायनल म्हणजे सात. त्या काळी तेवढ्यावर मास्तरकी मिळायची. जुनी मॅट्रिक म्हणजे अकरा, दहावीची पहिली बॅच १९७५ ची. त्यासोबत वेगळा प्रश्न: "पेपर वाचता का?" कारण वर्षं आणि वाचन यांचा मेळ बसेलच असं नाही. आपल्या जिल्ह्यात १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, त्यात रात्रीच्या वर्गाला बसून कित्येक प्रौढ माणसं वाचायला शिकली. अशा घरातल्या माणसाची शाळेची वर्षं शून्य, पण पोथी घडाघडा. उलट तिसरीपर्यंत जाऊन सगळं विसरलेलेही आहेत.

बायकांच्या बाबतीत हा रकाना भरताना सबुरी ठेवा. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरातल्या नऊ बायकांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. आज पंचाहत्तरीला आलेल्या आज्ज्या त्या आयांच्या पोटी जन्मल्या. धाकटी भावंडं सांभाळायला, शेरडं राखायला शाळा सुटली, हे त्या हसत सांगतात आणि मग थोडा वेळ काही बोलत नाहीत. घाई करू नका, पुढच्या नावाला हाक मारू नका.

तिसरा रकाना कामाचा: शेती, हमाली, विडी, शिवण, कारकुनी, मास्तरकी. चौथ्यात उंची, कारण उंच माणसाचं पाऊल लांब पडतं. शेवटी साखर, रक्तदाब, तंबाखू-मिश्री, पडल्याची नोंद. बास. पंधरा रकान्यांचा तक्ता करणारे उत्साही लोक मी पाहिलेत. त्यांची वही दुसऱ्या पानाच्या पुढं जात नाही.

शाळेचा आणि पायांचा संबंध काय

शिकलेला माणूस भराभर चालतो, असं समजू नका. पदवीला पाय नसतात. पण देशोदेशीच्या मोजणीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: कमी शिकलेल्या लोकांचा म्हातारपणातला सरासरी वेग कमी असतो. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २४ देशांतल्या १,०९,१०७ लोकांचा अभ्यास आला. त्यात समाजाच्या खालच्या पायरीवरचा साठ वर्षांचा पुरुष वरच्या पायरीवरच्या ६६.६ वर्षांच्या पुरुषाच्या वेगानं चालत होता. बायकांत हे अंतर ४.६ वर्षांचं. वय कागदावर साठ, पायांत सदुसष्ट.

कारणांची साखळी लांब आहे, पण आपल्या गावात बसून ती सगळी दिसते. शाळा सुटली की अंगमेहनतीचं काम, त्यातून झिजलेले गुडघे आणि कंबर. हातात पैसा कमी, त्यामुळं ताटात डाळ पातळ. दात दुखतात म्हणून मिश्री. तपासणी नाही, म्हणून साखर आहे हेच दहा वर्षं कळत नाही. आणि लहानपणापासून मेंदूला मिळालेलं खाद्य वेगळं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. तिथं पंचेचाळिसाव्या वर्षीच्या चालीच्या वेगाचा संबंध तिसऱ्या वर्षी घेतलेल्या मेंदूच्या चाचण्यांशी लागला. चाल पायात असते हे अर्धंच खरं.

त्या २४ देशांच्या अभ्यासातली मला सगळ्यांत पटलेली गोष्ट मात्र वेगळीच. श्रीमंत देशांत पायरीमुळं पडलेलं अंतर पुरुषांत आठ वर्षांचं होतं. गरीब आणि मध्यम देशांत ते अडीच-पावणेतीन वर्षांवर आलं. आमच्या वहीतही तसंच काहीसं दिसतं. रोज रानात जाणारी, एक अक्षर न आलेली बाई साठीत माझ्याबरोबरच्या निवृत्त मास्तरांना सहज मागं टाकते. आम्ही मास्तर लोक तीस वर्षं खुर्चीवर बसलो, पेन्शन आल्यावर पारावर बसलो, आणि ढेरीला "तब्येत" म्हणतो.

पण एका दिवसाचा वेग ही अर्धी गोष्ट. खरा प्रश्न उताराचा: सहा महिन्यांनी, वर्षानं तो किती घसरला? काही देशांत शिकलेल्या आणि न शिकलेल्या माणसांतली दरी वयाबरोबर रुंदावताना दिसते, काही ठिकाणी ती जेवढी होती तेवढीच पुढं चालत राहते. गावात मला दोन जावा माहीत आहेत. थोरली कधी शाळेत गेली नाही, धाकटी जुनी मॅट्रिक. पहिल्या मोजणीत थोरलीचे सहा मीटर ५.७ सेकंदांत, धाकटीचे ६.५. सगळे हसले. दीड वर्षानं धाकटी ६.७ वर होती आणि थोरली ७.२ वर. थोरलीला साखर होती, गोळ्या चालू होत्या. पण दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळीचं पाकीट बदललं, रंग वेगळा आला, ही आपली गोळी नव्हे म्हणून तिनं ती डब्यात ठेवून दिली. पाकिटावर नाव तेच होतं. धाकटीनं ते वाचलं असतं. शाळेचा रकाना ठेवायचा तो यासाठी: ज्याच्यापुढं शून्य आहे त्याचा पहिला आकडा चांगला आला तरी त्याला यादीतून काढायचं नाही, उलट त्याला लवकर परत मोजायचं.

आकडा वाचताना

सहा मीटर सहा सेकंदांत, म्हणजे सेकंदाला एक मीटर. आशियातल्या स्नायूक्षयाच्या तज्ज्ञगटानं २०१९ साली हीच रेष ठरवली. त्याहून सावकाश असेल तर स्नायूंकडं बघा. साडेसात सेकंद म्हणजे ०.८. त्याच्या पुढं गेलेल्या माणसाला डॉक्टरकडं न्याच. पाच सेकंदांत जाणारा सेकंदाला १.२ मीटर चालतो. सिग्नलवर रस्ता ओलांडायची वेळ ठरवताना सहसा हाच वेग धरतात. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांना मोजलं तेव्हा पुरुषांची सरासरी ०.९ आणि बायकांची ०.८ भरली. पुण्यात स्वारगेटला रस्ता ओलांडताना आई अर्ध्यातच का अडकते, हे यावरून समजून घ्या आणि तिच्यावर ओरडू नका.

दोन मोजण्यांत दोन-तीन दशांश सेकंद इकडंतिकडं झाले तर सोडून द्या. सहाच्या आसपास चालणाऱ्याचा वेळ पाऊण सेकंदानं वाढला तर तो खरा फरक. सहा महिन्यांनी एकदा मोजा. आणि चाल दोन-चार दिवसांत एकदम बदलली, पाय ओढला जाऊ लागला, बोलणं जड झालं किंवा तोंड वाकडं झालं, तर वही काढत बसू नका, गाडी काढा.

बोलत चालवा

सरळ चाल मोजून झाली की एकदा बोलतं ठेवून चालवा. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं, की चालताना कुणी बोलायला लागलं की जी वयस्कर माणसं थांबतात, ती पुढं पडण्याची शक्यता जास्त असते. चालण्याकडंच सगळं लक्ष द्यावं लागतं, दुसऱ्या कामाला शिल्लक राहत नाही, असा त्याचा अर्थ.

इथं शाळेचा रकाना पुन्हा कामाला येतो. दवाखान्यात शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. शाळेत न गेलेल्या बाईला ते सांगितलंत तर ती चालीमुळं थांबली नाही, हिशेबामुळं थांबली. तिला बाजारात मिळणाऱ्या भाज्यांची नावं घ्यायला सांगा, किंवा माहेरची गावं. आठवड्याचे वार उलटे म्हणणंही चालतं. बाजारात बसणाऱ्या बाईला मात्र पैशाचा हिशेब बिनधास्त घाला; पाव किलो मिरचीचे सुटे ती तुमच्या-माझ्याआधी काढते. थांबली का, डगमगली का, वेळ किती वाढला, तिन्ही लिहा.

मग करायचं काय

आधी बिघाड शोधा, मग व्यायाम. मोतीबिंदू आहे का. तळपाय बधिर आहेत का. त्यांना डोळे मिटायला सांगून पायाच्या अंगठ्याला कापूस लावा, कळतं का विचारा. साखरेची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल आणि जेवण शाकाहारी असेल तर डॉक्टरांना बी-१२ तपासायला सांगा. उठल्या-उठल्या चक्कर येत असेल तर रक्तदाबाच्या गोळीबद्दल विचारा. झोपेची गोळी चालू असेल तर तेही सांगा, लोक ती औषधात धरत नाहीत.

व्यायामात मी सुरुवात खुर्चीपासून करतो. गुडघ्याच्या उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची; प्लास्टिकची असेल तर ती सरकते, म्हणून भिंत हवीच. हात छातीवर घेऊन उठायचं, बसायचं. पाच वेळा उठाबशीला बारा सेकंदांहून जास्त लागले तर मांड्या कच्च्या झाल्यात. आठ-दहा वेळा, मध्ये दम खाऊन पुन्हा आठ-दहा. उठताच येत नसेल तर खुर्चीवर घडी केलेली चादर टाकून उंची वाढवा आणि दर पंधरवड्याला एक घडी काढा. मग टाचा उचलणं, स्वयंपाकघरातला ओटा धरून. मग एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्या पायाची टाच लावून उभं राहणं, तेही ओट्याजवळच. शेवटी रस्त्यावर: विजेचा एक खांब ते दुसरा खांब भरभर, पुढचा सावकाश. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं सांगणं आहे की ६५ वर्षांवरच्यांनी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावेत. नुसतं सकाळी फिरून आलो म्हणजे झालं, असं नाही.

याचा उपयोग होतो का, ही शंका मॅट्रिकवाले हमखास काढतात. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या, आधीच पाय मंदावलेल्या १,६३५ लोकांचे दोन गट केले. एकाला चालणं, ताकद आणि तोल यांचा शिस्तीत व्यायाम, दुसऱ्याला आरोग्यावरची व्याख्यानं. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या जास्त काळात, चारशे मीटर चालण्याची क्षमता गमावणारे व्याख्यानवाल्यांत ३५.५ टक्के, व्यायामवाल्यांत ३०.१ टक्के. चमत्कार नाही, पण व्याख्यानापेक्षा खुर्ची बरी.

ताटाकडं बघा. वजनाच्या दर किलोमागं एक ते १.२ ग्रॅम प्रथिनं म्हाताऱ्या शरीराला लागतात. साठ किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम. दोन अंड्यांत बाराएक, पेलाभर दुधात आठेक, मूठभर शेंगदाण्यांत सातेक. आमच्याकडच्या आज्जीचं रात्रीचं जेवण म्हणजे चतकोर भाकरी आणि चहात बुडवलेली खारी. दात नाहीत हे खरं, मग पिठलं करा, मुगाची डाळ घट्ट करा, मटकी शिजवून ठेचा, दाण्याचं कूट ताकात घाला. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

सांगायचं कसं

व्यायाम सगळेच सांगतात. फिजिओथेरपीचा छापील कागद मिळतो, त्यावर बाणांची चित्रं असतात. तो कागद आमच्या गावात बहुतेक घरांत देवाच्या फोटोमागं आहे. वाचता न येणाऱ्याला कागद देणं म्हणजे काम उरकणं.

ज्यांच्या रकान्यात शून्य ते चार आहे त्यांच्यासाठी मी कागद काढत नाही. आकडे मोजायचे तर जोंधळ्याचे दाणे: वाटीत दहा दाणे, एक उठाबशी झाली की एक दाणा दुसऱ्या वाटीत. वेळ मोजायचा तर एक अभंग होईपर्यंत. व्यायाम घरातल्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधायचा: चहाचं आधण ठेवलं की ते उकळेपर्यंत टाचा. हरिपाठाला बसायच्या आधी खुर्ची. नातवाला मोबाइलवर आज्जीचाच व्हिडिओ काढायला लावा आणि तिला तोच दाखवा; दुसऱ्या कुणाचा बघून ती म्हणते "ती जवान हाय". गोळ्यांचंही तसंच. पाकीट बदललं की जुनं रिकामं पाकीट घेऊन जायचं आणि औषध देणाऱ्याकडून दोन्हींवरचं नाव मिळवून घ्यायचं, ही सवय सुनेला आणि सासूला दोघींना लावा.

शिकलेल्यांचा त्रास वेगळा. ते सगळं वाचतात, चार लोकांना पाठवतात आणि खुर्चीवरून उठत नाहीत. त्यांना काम द्या. आमच्याकडं एक निवृत्त तलाठी आहेत, त्यांच्याकडं मी वही दिली. नोंदी त्यांच्या अक्षरात, स्टॉपवॉच त्यांच्या हातात, आणि प्रत्येक माणसाबरोबर अर्धं पाऊल मागं सहा मीटर त्यांनाच चालावं लागतं. त्यांची स्वतःची चाल सुधारली, हे त्यांनी अजून वहीत लिहिलेलं नाही.

साक्षरतेच्या वर्गाला आता बसून चाल वाढेल, असं कुणाला सांगू नका. बसावं जरूर, एसटीची पाटी वाचता येते, गोळीचं नाव कळतं, तेवढं पुष्कळ. पाय खुर्चीनं आणि डाळीनं सुधारतात.

डॉक्टरांकडं जाताना वही सोबत न्या आणि "आई हळू चालते" असं म्हणू नका. "सहा मीटरला गेल्या दिवाळीत ६.१ लागत होते, आता ७ लागतात, काठी नाही, वाटेत बोलताना थांबते" असं सांगा, मग डॉक्टर मान वर करून बघतात. मी दिवाळी आणि अक्षय तृतीया या दोन वेळा धरल्या आहेत, साधारण सहा महिन्यांचं अंतर पडतं आणि दोन्ही वेळा मुलं-सुना गावी असतात, धरायला माणसं मिळतात. अक्षय तृतीयेला मोजणार असाल तर सकाळी नऊच्या आत उरका, पुढं पटांगणातली फरशी तापते आणि सगळेच भरभर चालायला लागतात.